सेट होईल

नवा क्लच बसवूनही तो सुटत नसेल तर ते ओळखायला फार वेळ लागत नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात. इंजिन चालू केले की पहिला गिअर अडून बसतो आणि रिव्हर्स टाकताच खालून असा कर्रर्र आवाज येतो, की रस्त्यावरची माणसे गाडीकडे न बघता चालकाकडे बघतात. पुढच्या गिअरांना सिंक्रोनायझर असल्याने ते थोडी दांडगाई पोटात घालतात. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला ती सोय नसते, त्यामुळे खरे काय ते रिव्हर्सच बोलतो. म्हणून परीक्षा त्याच्याकडूनच घ्यायची: सपाट जागा, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, मागेपुढे कोणी उभे नाही, पेडल तळापर्यंत दाबून आठ-दहा सेकंद थांबायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. क्लच सुटत असेल तर तेवढ्या वेळात गिअर बॉक्समधली चाके थांबतात आणि गिअर गुपचूप पडतो. आवाज आला, तर इंजिनाने गिअर बॉक्सचा हात अजून सोडलेला नाही.

क्लच घसरणे हा याच्या नेमका उलट आजार. त्यात इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. गिऱ्हाईक दोन्ही वेळा ‘क्लच गेला’ एवढेच सांगते, आणि मेकॅनिक दोन्ही वेळा एकच औषध देतो: “नवीन आहे साहेब, सेट होईल. पाचशे किलोमीटर चालवा.” हे वाक्य नवी चप्पल, नवी कवळी आणि नवा जावई यांच्याबाबतीत खरे ठरल्याची उदाहरणे आहेत. क्लचच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. नव्या प्लेटचे अस्तर वापराने बसते आणि तिची पकड सुधारते, हे बरोबर. पण इथे तक्रार पकडीची नाही, सुटण्याची आहे. त्या पाचशे किलोमीटरांत सेट होतात ते चालकाचे कान, आणि झिजतात ते सिंक्रोनायझर.

आत घडते ते असे. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट बोल्टने आवळलेली असते आणि दोघांच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून डायफ्राम स्प्रिंगचा मधला भाग दाबते, आणि प्रेशर प्लेट मागे हटते. किती हटते? साधारण एक ते दोन मिलिमीटर. वर पाय १२-१५ सेंटिमीटर खाली जातो, तेव्हा खाली एवढे पदरात पडते. मधल्या टप्प्यांवर थोडे कोणी खाल्ले तरी शेवटी क्लच प्लेटला सुटायला जागा उरत नाही. त्यामुळे या बिघाडाचा तपास म्हणजे मिलिमीटर कोणी खाल्ले याची चौकशी. ती बाहेरून आत करत जावी, कारण आत शिरायचे म्हणजे गिअर बॉक्स उतरवणे आले.

पहिला संशयित पायाखालीच असतो: मॅट. मूळच्या कार्पेटवर एक मॅट, त्यावर पावसाळ्यासाठी रबरी मॅट असा थर साचला, की पेडल तळाला टेकल्याचा भास होतो आणि सेंटिमीटरभर चाल जागीच गडप होते. मॅट उचलून बघायला खर्च येत नाही. म्हणूनच बहुधा ही तपासणी कोणी सुचवत नाही.

पुढचा मान क्लच वायरचा. १९८३ च्या अखेरीस आलेली मारुती ८०० आणि तिच्यासारख्या, तारेवर क्लच चालणाऱ्या गाड्यांत एक गंमत दडलेली असते. जुनी प्लेट झिजत जाते तशी पेडलची मोकळी चाल कमी होते, म्हणून दरवेळी वायर थोडी सैल केली जाते. नवी प्लेट जाड असते. ती बसली की स्प्रिंगचा मधला भाग पुन्हा फ्लायव्हीलकडे सरकतो, आणि रिलीज बेअरिंगला तिथे पोहोचायला जास्त अंतर कापावे लागते. वायर मात्र म्हाताऱ्या प्लेटच्या हिशोबाने सैलच राहिलेली असते. नट फिरवून पेडलला एक ते अडीच सेंटिमीटर मोकळी चाल ठेवली, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, की बरीच प्रकरणे इथेच मिटतात. उत्साहाच्या भरात मोकळी चाल शून्यावर आणू नये. तसे केल्यास बेअरिंग सतत फिरत राहते आणि क्लच घसरू लागतो, म्हणजे गिऱ्हाइकाला दुसरा आजार फुकट मिळतो.

हायड्रॉलिक क्लचमध्ये वायरचे काम तेल करते. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पाइपात हवा शिरली तर वरून दिलेला दाब मधल्यामध्येच जिरतो. पेडल भराभर तीन-चार वेळा मारल्यावर गिअर पडत असेल तर संशय हवेवर. ती काढायला दोन माणसे लागतात, एक पेडलवर आणि एक गाडीखाली निपलशी. खालून “दाब” म्हटले की दाबायचे, “धर” म्हटले की धरायचे, निपल आवळल्यावर “सोड” म्हटले की सोडायचे. शब्द तीनच आहेत, तरी वरचा बारक्या मोबाइलवर असतो आणि ‘धर’च्या वेळी सोडतो. निपल उघडे असताना पाय उचलला गेला की पाइप बाहेरची हवा आत ओढून घेतो आणि कार्यक्रम पहिल्यापासून सुरू होतो. टाकीतले तेल तळाला गेले तरी तेच. इतके करूनही, दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर पेडलकडच्या मास्टर सिलिंडरच्या आतले सील गेले आहे. गिअर बॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा रबरी बूट ओला असेल तर दोष तिथला.

बाहेरचे सगळे निर्दोष सुटले, की आत उतरावेच लागते. आतले गुन्हे बहुतेक बसवणाऱ्याचे असतात. सर्वांत नामांकित गुन्हा म्हणजे प्लेट उलटी बसवणे. तिच्या मधल्या स्प्रिंगांचा फुगीर भाग सहसा गिअर बॉक्सकडे असावा लागतो, आणि पुष्कळ प्लेटांवर बाजू छापलेलीही असते. उलटी बसली तर मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो. मग पेडलवर कितीही जोर लावा, प्लेट सुटत नाही. दुसरा गुन्हा चहाच्या वेळेचा. गिअर बॉक्सचा शाफ्ट प्लेटमध्ये शिरला की काम अर्धे झाल्यासारखे वाटते, आणि बॉक्स तसाच लोंबकळत ठेवून मंडळी टपरीवर जातात. तेवढ्या वेळात बॉक्सचे सगळे वजन प्लेटच्या मधल्या भागावर येते आणि ती वाकते. वाकलेली प्लेट फिरताना कुठे ना कुठे टेकतेच. बॉक्स नीट बसत नाही म्हणून बोल्ट आवळून त्याला जबरदस्तीने आत ओढणे हा याच गुन्ह्याचा चुलतभाऊ.

रिलीज बेअरिंग ढकलणारा फोर्क आपल्या टेकूच्या गोळीवरून निसटणे, बेअरिंगची क्लिप न लागणे, शाफ्टच्या खाचांत गंज किंवा कचरा राहिल्याने प्लेट न सरकणे हे किरकोळ दिसणारे प्रकारही तितकेच घातक आहेत. ग्रीस अगदी पुसट लावायचे असते. लपालपा थापलेले ग्रीस उडून अस्तरावर जाते. मागची चाके फिरवणाऱ्या अनेक गाड्यांत शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टमधल्या पायलट बेअरिंगमध्ये बसते. ते अडकले असेल तर क्लच प्रामाणिकपणे सुटूनही शाफ्ट फिरतच राहतो. आणि दुकानदाराने “सेमच आहे, बसतं” म्हणून भलत्याच मॉडेलचा सेट दिलेला असेल, तर तो खरोखर बसतो. फक्त सुटत नाही.

बॉक्स दुसऱ्यांदा उतरला की नवी प्लेट जुनीच्या शेजारी ठेवून व्यास, जाडी आणि खाचांची संख्या पडताळावी, आणि प्लेट शाफ्टवर फिरवून ती डगमगते का ते बघावे. एवढे होईपर्यंत दुसऱ्या मजुरीचा विषय निघतो. मेकॅनिकच्या मते माल खराब असतो, दुकानदाराच्या मते फिटिंग. प्लेटला ग्रीसचे बोट लागलेले दिसताच दुकानदार परतीचा विषय बंद करतो. शेवटी दोघांचे एकमत होते, की साहेब हाफ क्लचवर फार चालवतात.