जळण आणि जुळणी

आबांची ओळख करून द्यायची, तर आधी त्यांच्या जळणाची करून द्यावी लागते. पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या कोडोलीत घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी देतात, मग चहा. आबा पाणी झालं की पाहुण्याला परड्यात नेतात. जुन्या गोठ्यात, जिथं एकेकाळी चार म्हशी बांधलेल्या असत, तिथं आता जमिनीपासून आढ्यापर्यंत जळण रचलेलं आहे. पाहुण्याच्या तोंडून "वा!" निघेपर्यंत चहा उकळत राहतो.

असा एक आबा प्रत्येक गल्लीत असतो. घरात गॅसच्या दोन टाक्या, गच्चीवर सोलर, न्हाणीत गिझर. तरीही ‘उद्या काय झालं तर?’ हा प्रश्न ज्यांच्या डोक्यात म्हशीसारखा रवंथ करत बसलेला असतो, ती ही जमात. काय झालं तर, हे ते सांगत नाहीत. पण 2019 च्या महापुरात रस्ते बंद पडले, गॅसची गाडी अडकली आणि गल्लीतल्या तीन घरांच्या भाकऱ्या आबांच्या चुलीवर भाजल्या गेल्या. त्या दिवसापासून आबांची मान जी ताठ झाली, ती अजून खाली आलेली नाही. पुराचा विषय निघाला की लोक पाण्याची पातळी सांगतात. आबा किती लाकडं खपली ते सांगतात.

कोडोलीत थंडी येते दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला. आबांचा हिवाळा मात्र जोतिबाची चैत्र यात्रा पार पडली की सुरू होतो. उन्हानं डोकं तापलेलं असताना हा माणूस कुऱ्हाडीला धार लावत थंडीबद्दल बोलत असतो. "मिरगाच्या आधी घरात आलं ते जळण," आबा म्हणतात, "मिरगानंतर आलं ते नुसतं लाकूड."

आबांची नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. त्यामुळे लाकडाची ट्रॉली गल्लीच्या तोंडाशी वळली की टायर किती बसलाय ते बघून ते वजन सांगतात. विकणारा हात जोडतो. मग आबा एक ढलपी उचलतात, नखानं टोकरतात, हुंगतात आणि निकाल देतात, "ओलं हाय." ताज्या तोडलेल्या लाकडात वजनानं जवळजवळ निम्मं पाणीच असतं, हे त्यांना पाठ आहे. "पाण्याचे पैसे मी देत न्हाई."

"आबा, उसात पण पाणीच असतंय की," एकदा एका ट्रॉलीवाल्यानं धाडस केलं.

"ते गोड असतंय," आबा म्हणाले. विषय संपला.

लाकडांबद्दलची त्यांची मतं सोयरीक जुळवणाऱ्याच्या तोडीची आहेत. बाभूळ म्हणजे कर्ती सून, धगही देते आणि निखाराही सांभाळते. सुबाभूळ तोंडावर गोड, पण संसाराला टिकायची नाही. निलगिरीला वासाचाच तोरा. आंबा होमात शोभतो, चुलीत नुसता डोळ्यांना पाणी काढतो; शिवाय आंबा, फणस, चिंच, जांभूळ तोडायला 1964 च्या कायद्यानं परवानगी लागते, हे आबा न विचारता सांगतात. उंबराला हात लावायचा नाही, तो दत्ताचा.

पण आबांची खरी कला रचण्यात. खाली विटा, वाळवी लागू नये म्हणून. एक थर आडवा, एक उभा, वारं खेळावं म्हणून. आणि मग प्रत्येक लाकूड हातात घेऊन, फिरवून, उलटं करून, त्याचं पोट कुणाच्या पाठीला बसेल ते शोधायचं. एका वाकड्या ओंडक्याला जागा मिळेना, म्हणून तो दोन दिवस सोप्यात पाहुण्यासारखा पडून होता. तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे आबा ताडकन उठले, ओंडका उचलला आणि गोठ्यात जाऊन बरोबर एका फटीत बसवला. काकी म्हणाल्या, लेकीचं लग्न ठरलं तेव्हाही एवढा आनंद बघितला नव्हता.

आता एवढं रचलेलं जळण जाळायचं कुणी? काकींनी एकदा मधलंच एक लाकूड ओढलं, तर आबा "तोल जातोय! तोल जातोय!" असं ओरडत धावत आले. जणू घरच कोसळत होतं. तांब्याचा बंब चिंचेनं घासून लख्ख केलेला. पण त्यात चिपाडं, करवंट्या आणि शेंगांची टरफलं. होळीला पोरं वर्गणी मागायला येतात. कोल्हापुरात हल्ली होळी लहान करून शेणी स्मशानाला दान करायची चांगली पद्धत पडली आहे. आबांनी यंदा शंभर शेणी मोजून दिल्या. पोरांची नजर गोठ्याकडे गेली, तसे म्हणाले, "लाकूड मागू नका. ते माझं मला लागणार हाय. एकदाच लागंल, पण लागंल."

यंदाच्या थंडीत पुण्याहून नातू आला आणि जाताना आजोबांना एक खोका देऊन गेला. आत चित्राचे पाचशे तुकडे. जोडायचे, की चित्र तयार. खोक्यावर कुठल्यातरी परदेशातलं बर्फानं झाकलेलं घर, धुराडं, आणि भिंतीला लागून रचलेली लाकडं.

आबांनी चष्मा लावला, चित्र जवळ धरलं आणि पहिलंच वाक्य बोलले, "काय माणसं ही! जळण उघड्यावर टाकलंय."

तिथून आबा अडकले. सोप्यात कॅरमबोर्ड आला, कारण त्याला कड असते, तुकडे खाली पडत नाहीत. कुणीतरी सल्ला दिला, आधी चौकट जोडावी. आबांना तो लगेच पटला. "व्हय की. आधी बांध, मग शेत." दोन दिवसांत बांध पडला. मग लाकडाची थप्पी जोडली, कारण ती बघवत नव्हती. मग घर. उरलं ते बर्फ आणि आभाळ, दोन्ही पांढरं. तिथं आबांचा जीव रमला. रात्री जेवणं झाली की शाल पांघरून, पायाशी शेगडी घेऊन ते एकेक पांढरा तुकडा हातात धरत, फिरवत, उलटा करत, पोट-पाठ बघत. गोठ्यातलेच आबा, नुसती लाकडं बारकी झालेली.

मी त्यांना सांगितलं की हा खेळ मुळात लाकडाचाच. 1760 च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या माणसानं फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवतीनं कापला, पोरांना भूगोल शिकवायला.

"चांगली फळी हुती?"

"असणार."

"आणि कापल्यावर जाळली न्हाई?"

"नाही, विकली."

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शहाणा माणूस."

संक्रांतीच्या सुमारास चित्र पुरं व्हायला आलं. चारशे नव्याण्णव तुकडे बसले. आभाळात धुराड्याच्या वर एक भोक. शेवटचा तुकडा गायब. घर उलटंपालटं झालं. कॅरमबोर्डाच्या चारही जाळ्या बाहेरून आतून चाचपल्या. मांजरावर आळ आला. बंबातली राख चाळून झाली. आबा मधूनमधून भोकाकडे बघत हळहळत, "एवढ्यासाठी राहिलं बघ." पण चेहरा हळहळणाऱ्या माणसाचा नव्हता. ट्रॉली रिकामी होऊन अंगणात ढीग पडतो आणि अजून एकही लाकूड लावलेलं नसतं, तेव्हा असतो, तसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली मागायला मागल्या बाजूनं गेलो. न्हाणीत बंब धडाडून पेटला होता. काकी गोठ्याच्या मागच्या पत्र्याच्या दारातून बाहेर येत होत्या, हातात दोन अस्सल बाभळीच्या फाकी. मी आत डोकावलो. पुढं आढ्यापर्यंत लाकडाची भिंत, म्हशींच्या खांबांना टेकून ऐटीत उभी. मागं सगळं मोकळं. दोन म्हशी पुन्हा बांधता आल्या असत्या.

"काकी! हे कधीपासून?"

"झाली तीन वर्सं. थंडीत टरफलावर पाणी तापतंय व्हय? मी इकडनंच काढतो."

"आणि आबांना कळलं तर?"

काकींनी ओच्यातून काहीतरी काढलं. पांढरा, चार कानांचा, पुठ्ठ्याचा तुकडा. "ह्यांच्या बंडीच्या खिशात हुता. दोनदा धुताना काढला, दोनदा धुतलेल्या बंडीत परत ठेवला. लहान हाईत का हे? चित्र संपलं तर रात्री काय करणार, घोरणार." त्यांनी पत्र्याचं दार ओढून घेतलं. जुनं, गंजलेलं दार, पण आवाज म्हणून नाही. माझ्या नजरेचा रोख ओळखून त्या म्हणाल्या, "बिजागरीला दर महिन्याला तेल कोण घालतंय, ते मला ठावं न्हाई. मी विचारलं बी न्हाई."

तेवढ्यात सोप्यातून हाक आली, "अगं, तुकडा घावला का?"

काकींनी तुकडा ओच्यात खोवला, फाकी बंबात सारल्या आणि ओरडून सांगितलं, "बघालोय की!"