न फिरणारा आहेर

लग्नसराईत आमच्या भागात सगळ्यात जास्त प्रवास कोण करत असेल, तर ब्लाउजपीस. इंदापुरातल्या दुकानातून निघालेला एखादा पोपटी ब्लाउजपीस कळसच्या लग्नात नवरीच्या मामीच्या ओटीत पडतो, तिच्याबरोबर लासुर्ण्याला जातो, तिथून सत्यनारायणाला बोरीत, बोरीतून डोहाळजेवणाला बारामतीत. आणि एक दिवस, घडीही न मोडता, जिथून निघाला त्याच घरी नारळासकट परत येतो. वाटेत त्याला कोणी उघडून बघितलेलं नसतं. टॉवेल-टोपीचंही तेच. ती टोपी कुठल्याच डोक्याला बसत नाही, कारण ती डोक्यासाठी केलेलीच नसते. मांडवात माइकवरून नाव पुकारल्यावर क्षणभर ठेवण्यापुरती असते. प्रत्येकाच्या कपाटात खालच्या खणात हा साठा असतो, आणि त्याबद्दल चारचौघांत बोलायचं नाही, हा शिष्टाचार सगळे पाळतात.

या सुरळीत व्यवहाराला एकच धोका असतो. आक्का.

आक्का हे कोणा एकीचं नाव नाही. वाड्यावस्त्यांवर, आळीआळीत एकेक असतेच. कळसची आक्का सत्तरीच्या पुढची, चष्म्याची एक काडी पांढऱ्या रिळाच्या दोऱ्यानं आवळलेली, आणि छातीवर पदराला कायम एक सुई टोचलेली. मंगळसूत्र एकवेळ देवघरात राहील, सुई नाही. नातवंडं तिला बिलगताना आधी सुई कुठल्या बाजूला आहे ते बघतात.

आक्का हातचं देते. बारशाला बाळंतविडा: झबली, टोपडी, कुंची, दुपटी, सगळं मऊ झालेल्या जुन्या सुती कापडाचं, कारण कोरं कापड बाळाला टोचतं. वास्तुशांतीला दाराचं तोरण. शाळेत जाणाऱ्या पोराला दप्तर, मग त्याच्याकडे चाकं लावलेलं दप्तर का असेना. आणि लग्नाला वाकळ. दुकानातली रजई पाकिटातून न काढता पुढच्या लग्नात सरकवता येते. आक्काच्या वाकळेचं तसं नाही. ती द्यायला आक्का मांडवात स्वतः येते, आणि समोर उभी राहून उलगडायला लावते.

“हे बघ, ही काठाची पट्टी तुझ्या आज्याच्या धोतराची. हे हिरवं तुझ्या आईचं डोहाळजेवणाचं पातळ. आन् ह्यो खिसा वळखला का? दहावीला नापास झालास तवाचा शर्ट.”

नवरीकडची मंडळी पुढे सरकून खिसा बघतात. नवरदेवानं बायोडेटात दहावीचे टक्के लिहिलेले असतात, वर्ष लिहिलेलं नसतं. आता असा आहेर फिरवायचा कुठे? दुसऱ्याच्या आज्याचं धोतर कोणी आपल्या भाच्याला देत नाही. आक्काची वाकळ ज्या घरात जाते त्या घरातच राहते, अंगावर घेतली जाते, विरते, आणि विरली की परत आक्काकडे येते. नव्या वाकळेच्या पोटात घालायला.

कापड मिळवणं हे आक्काचं खरं कर्तृत्व. माणूस दारात आला की बाकीचे त्याचं तोंड बघतात, आक्का त्याची बाही बघते. “ये, बस,” म्हणता म्हणता दोन बोटांत बाहीचं टोक धरून चोळते आणि निकाल देते. सुती असेल तर चहा आल्याचा. टेरीकॉट असेल तर नुसता. मोजणी करायला आलेल्या एका साहेबांना तिनं सरळ विचारलं होतं, “ह्यो शर्ट अजून किती दिस चालवणार?” साहेबांना वाटलं, बाई कपड्यांवरून आपल्या पगाराची कीव करतेय. घरात तिच्या नवऱ्याची, तात्यांची, अवस्था याहून वाईट. त्यांचं धोतर त्यांच्या अंगावर असतानाच कोणाच्या तरी बारशाला लागलेलं असतं. तात्या ते जपून नेसतात. धोतराच्या काळजीनं नव्हे, फाटलं तर संध्याकाळपर्यंत त्याचं दुपटं होईल म्हणून.

सुतीचा हा हट्ट नुसता लहरीचा नाही. सुती कापड धुऊन धुऊन विरतं तसं मऊ होतं, घाम पितं, आणि त्याचे पाच-सहा पदर एकावर एक बसले की मधे हवा धरून ऊब राखतात. नायलॉनची साडी वीस वर्षांनीही पहिल्या दिवसाइतकीच बुळबुळीत. पदरावर पदर ठरत नाही, आणि हिवाळ्यात अंगावर घेतली की चटचट ठिणग्या. पहाटेच्या गारठ्यात, रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला विचारा. पंपाच्या खोलीत त्याला ठिणग्या नको असतात, ऊब हवी असते. (बिबट्याच्या बातम्या यायला लागल्यापासून वाकळ डोक्यावरूनही घेतात. त्यानं बिबट्याला काय फरक पडतो, हे कोणी सांगू शकलेलं नाही.)

अडचण अशी, की सुती लुगडी नेसणारी पिढी संपत आली आणि जुन्या साड्यांना एक नवंच गिऱ्हाईक उभं राहिलं: डाळिंब. आमच्या तालुक्यात डाळिंबाच्या बागा पुष्कळ. उन्हाळ्यात फळावर उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून झाडांच्या ओळींवर जुन्या साड्या अंथरतात. शेतकरी गठ्ठ्यानं साड्या आणतो, आणि माळावरून बघावं तर सगळी बाग नटून हळदीकुंकवाला निघाल्यासारखी. आक्काला हे दृश्य बघवत नाही. बागेत शेकडो साड्या नायलॉनच्या असतात, हे तिला मान्य. पण त्यात चुकून एखादं इरकल असणार, आणि ते उन्हात कुजणार. म्हणून फवारणीचा दिवस टाळून आक्का बागेच्या बांधाबांधानं चालते, हात वर करून काठ चोळत. सापडलं, की पिशवीतून आपली एक लखलखती नायलॉनची काढायची, झाडाला नेसवायची, आणि जुनी घडी करून आत. झाडाचं नुकसान नाही, उलट त्याला चांगली साडी मिळाली. मालकाला सगळं ठाऊक असतं. तो लांबून बघतो आणि विहिरीकडे वळतो, कारण त्याच्या थोरल्या पोराचं लग्न ठरायचंय.

निवडणुकाही पूर्वी आक्काला लाभायच्या. प्रचाराचे फलक कापडी असत. मतमोजणी झाली की हरलेल्याचे त्याच रात्री उतरत, जिंकलेल्याचे पावसाळ्यापर्यंत टिकत, आणि दोन्ही सरतेशेवटी आक्काच्या ओसरीवर येत. अजून एखादी जुनी वाकळ उसवली तर आतून एका बाजूला ‘प्रचंड मतांनी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘विजयी करा’ निघतं, निरनिराळ्या पक्षांचं, एकाच टाक्यात घट्ट. बारामती-इंदापूरच्या राजकारणात एवढी टिकाऊ युती दुसरी झाल्याचं मला तरी आठवत नाही. मग फ्लेक्स आला. भावी, आजी, माजी सगळे चौकात हसायला लागले आणि आक्काचा पुरवठा बंद झाला. फ्लेक्सचं फार तर कडब्यावर झाकण होतं. कापड दिसायचं उरलं ते वारीच्या वेळी. तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात. सगळे हात जोडून पालखीकडे बघतात. आक्काही हात जोडते. पण नजर खाली असते, आणि लोकांना तो विनय वाटतो.

वाकळ घालायचा दिवस ठरला की अंगणात तयारी होते. आधी खाली अस्तराचं लुगडं पसरायचं. ते सरकू नये म्हणून एका कोपऱ्यावर पाटा, दुसऱ्यावर भरलेली कळशी, तिसऱ्यावर दगडी उखळ आणि चौथ्यावर तात्या. तात्यांना पेपर दिला की ते दोन तास हलत नाहीत. मग आतले पदर: विरलेली धोतरं, परकर, बनियन, जे काही असेल ते ठिगळांनी जोडून, ओल्या हातानं सुरकुत्या काढत. वर तोंडाचं कापड, त्यावर रंग बघून लावलेली ठिगळं, कोपऱ्यांना तिकोनी. कच्चा टाका घालून सगळे पदर धरून ठेवले, की तात्यांची सुटका होते.

त्यानंतर चौघी जणी चार बाजूंनी बसतात. धावदोरा काठाकडून सुरू होतो आणि आत आत येतो. चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन. या पद्धतीचा एक फायदा कुठल्याच शिवणाच्या पुस्तकात दिलेला नाही. सुरुवातीला चौघी एकमेकींपासून लांब असतात, त्यामुळे बोलणं मोठ्यानं आणि सभ्य: पाऊस, कारखान्याचा भाव, कोणाची म्हैस किती दूध देते. टाके आत सरकतात तशी डोकी जवळ येतात. मग सुना निघतात. मग सुनांचे फोन. मधल्या चौकोनापर्यंत पोचता पोचता आवाज पार खाली गेलेला असतो, आणि गावातलं जे कोणाला सांगायचं नसतं ते चौघींना ठाऊक झालेलं असतं. वाकळ मध्यभागी जास्त उबदार लागते ती उगाच नाही.

आक्काचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. शेजारच्या वहिनींचा बोटभर. आक्का तोंडानं काही म्हणत नाही. “दमलीस गं, जा आता,” म्हणून वहिनींना वाटेला लावते, आणि रात्री दिव्याखाली त्यांची अख्खी बाजू उसवून पुन्हा घालते. वहिनींना वाटतं, आपला हात हळूहळू सुधारतोय.

मशीनचा प्रश्नही मधे येऊन गेला. २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्यात शिंपीकामही आहे आणि हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंतची मदत. ओळखीच्या एका पोरीनं मशीन घेतलं आणि आक्काला म्हणाली, “आक्का, तुमची वाकळ मी दोन तासांत मारून देते.” आक्कानं सहा पदर पुढे केले. तिसऱ्या फेरीला सुई मोडली. आक्कानं मोडलेली सुई हळदीकुंकू वाहण्याच्या भक्तिभावानं उचलून डबीत ठेवली आणि म्हणाली, “घाई लई हाय बिचारीला.” पोरगी हुशार, ती आता ब्लाउज शिवते. आक्काचा तिच्यावर राग नाही. कात्रणं तिच्याकडूनच येतात.

या कलेचं जगात नाव आहे हे आक्काला पटवून द्यावं म्हणून मी एकदा तिला फोनवर चित्रं दाखवली. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचा नदीच्या वळणावरचा कोपरा आहे. तिथल्या कृष्णवर्णी बायका शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या घालत आल्या. २००२ मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना मोठमोठ्या चित्रकारांशी केली, आणि २००६ मध्ये तिथल्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. आक्कानं चष्मा सावरून एकेक फोटो मोठा करून बघितला.

“टाके लांब पडल्यात,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “पर कापड कामाचं हाय. ही बाई शेतात राबलेली हाय.” आणि फोन परत देताना, “भिंतीवर कशापायी लावली? त्यांच्याकडं थंडी न्हाय व्हय?”

तिच्या एका नातीचं बिऱ्हाड न्यू जर्सीला आहे. तिच्या बाळंतपणाला वाकळ पाठवायची ठरली तेव्हा विमानाच्या तेवीस किलोंच्या बॅगेत डिंकाचे लाडू की वाकळ, यावरून दोन्ही व्याह्यांत तीन दिवस अबोला होता. शेवटी वाकळ गेली. लाडूंचा निम्मा डबा मागे राहिला आणि तो तात्यांनी संपवला. या प्रकरणात फायदा झालेले ते एकटेच.

गेल्या खेपेला बचत गटाच्या बायका आक्काला पुण्याला भीमथडी जत्रेत घेऊन आल्या. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची ही जत्रा डिसेंबरात भरते. मांडे, हुरडा, पिठलं-भाकरी, घोंगड्या, आणि रांगेत उभे असलेले पुणेकर, जे एरवी रांगेत उभे राहण्याबद्दल पेपरात पत्रं लिहितात. गटाचा माल पापड-लोणच्यांचा. आक्कानं बसायला म्हणून आपली एक वाकळ नेलेली. समोरच्या गाळ्यावर गोधड्या होत्या, प्रत्येकीला किमतीची चिठ्ठी. आक्का जाऊन एकीची उलटी बाजू बघून आली. आत फायबर, टाके मशीनचे, वरून ठिगळांचं छापील कापड. छापील ठिगळं! फाटल्याशिवाय लावलेली! ती बराच वेळ कोणाशी बोलली नाही.

तेवढ्यात एक बाई आक्काच्या अंगाखालची वाकळ बघून थांबल्या. खादीचा कुडता, कानात चांदीचे मोठे झुमके, गळ्यात सुरेख ओढणी. “आजी, ही केवढ्याला?”

“ही इकायची न्हाय.”

“मी चांगली किंमत देईन. पाच हजार?”

गटाच्या बायकांचा श्वास अडकला. पाच हजारांत किती पापड होतात याचा हिशेब दोघींनी तिथेच मनात करून टाकला.

“बाई, ह्यात आमच्या सासूचं लुगडं हाय,” आक्का म्हणाली, “तुम्हाला ती सोसायची न्हाय. मला सोसली न्हाय.” बाई हसल्या. आक्कानं मात्र त्यांच्या ओढणीचं टोक दोन बोटांत धरलं होतं. “तुमच्या घरातलं काय असंल ते द्या धाडून. तुमची तुम्हाला घालून दीन. पैसं नगं.”

बाईंनी पत्ता लिहून घेतला. महिन्याभरानं कळसला खरोखरच कुरियरनं पार्सल आलं. भलं मोठं खोकं, आत पातळ कागदात एकेक घडी: ओढण्या, कुडते, दोन साड्या, आणि सुवाच्य अक्षरात चिठ्ठी, की हे सगळं माझ्या आईचं, आजी. आक्कानं ओसरीवर बसून एकेक कापड चोळलं. पोलिस्टर. पोलिस्टर. जॉर्जेट. पोलिस्टर. तळाशी एक जुनं सुती परकराचं कापड निघालं, हातभर.

त्या हातभर कापडाची आक्कानं उशीची खोळ शिवली, टाके तांदळाएवढे, आणि पुण्याला पाठवून दिली. बाकीचं खोकं बांधावरून डाळिंबाच्या बागेत पोचतं झालं. मालक म्हणाला, यंदा माल चकाकतोय.