आबा आहेत ना!

उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. खर्च वाचला असं कोणी म्हणालं, की आधी तो कोणाच्या नावे पडला ते बघायचं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांची करमणूक ‘अगदी स्वस्तात’ झाली असं कानावर आलं, की मला लगेच त्या घरातल्या आजोबांचं पासबुक बघावंसं वाटतं.

आमच्या घरी सुट्टीचं अंदाजपत्रक एप्रिलच्या अखेरीस मांडलं जातं. शाळा मेच्या सुरुवातीला मिटतात आणि जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भात तर ऊन उतरायची वाट बघत त्याहूनही उशिरा. आईवडिलांच्या ऑफिसांना मात्र ऊन लागत नाही. थोडक्यात काय, दीड महिना, दोन मुलं आणि डोंबिवलीतला दोन खोल्यांचा ब्लॉक. यंदा सुनेने शिबिरांची पत्रकं गोळा करून टेबलावर पसरली होती. रोबोटिक्स, वैदिक गणित, सुलेखन, व्यक्तिमत्त्व विकास. आमचा नातू आठ वर्षांचा आहे. त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा याहून विकास झाला तर आम्हाला जागा बदलावी लागेल.

एका पत्रकात ‘मातीत खेळणे’ असा स्वतंत्र उपक्रम होता. त्याची फी वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. आमच्या लहानपणी मातीत खेळलं की मार मिळायचा, आता पावती मिळते. खाली बारीक अक्षरात ‘साहित्याचा खर्च वेगळा’ असंही होतं. माती बहुधा त्यात धरली असावी.

मुलाने सगळे आकडे मोबाइलवर बेरजेला घातले, मोबाइल पालथा ठेवला, पंख्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आबा आहेत ना!”

या तीन शब्दांवर माझी नेमणूक झाली. बिनपगारी, फुल अधिकारी. सूनबाईंनी धोरण जाहीर केलं, “बाबा, उगाच खर्च नको हं. फुकटात होईल तेवढं फुकटात.” सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्यांना फुकटचं छान जमतं.” यात कौतुक किती होतं, हे मी अजून तपासतो आहे.

पहिला फुकट कार्यक्रम बाग. बागेत आत जायला पैसे पडत नाहीत. पडतात ते बाहेर यायला. फाटकाशी गोळेवाला, त्याच्या शेजारी मीठमसाला लावलेल्या काकड्या, कैरीच्या फोडी, साबणाचे फुगे आणि अंधारात लाल-निळं पेटणारं भिरभिरं अशी नाकेबंदी असते. शत्रू कुठून येणार हे शिवाजी महाराजांच्या सरदारांना कळलं नसेल इतकं या मंडळींना कळतं. नातवाने काला खट्टा मागितला. नात तेरा वर्षांची. ती मागत नाही, फक्त दुसरीकडे बघते. ते महाग पडतं. दोघांना गोळे घेतले, आणि “आबा, तुम्हीपण घ्या ना” असा आग्रह झाल्यामुळे मीही घेतला. घरी आलो तेव्हा नातवाचा शर्ट जांभळा, माझा घसा बसलेला आणि डॉक्टरांची फी माझ्या नावे. बाग या सदरात सुनेच्या वहीत खर्च शून्य आहे.

त्यानंतर राणीची बाग. भायखळ्याला उतरायचं आणि बुधवार टाळायचा, बुधवारी प्राण्यांना सुट्टी असते. आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना 50 रुपये आणि लहानांना 25 असा दर होता, आणि आई, वडील, दोन मुलं असं चौकोनी कुटुंब आलं तर सगळ्यांचे मिळून 100. हे मी संध्याकाळी मुलाला सविस्तर समजावलं. तुम्ही दोघं गेलात तर 50 रुपये वाचतात. तो म्हणाला, “आणि आमच्या दोघांच्या रजा?” माझी बँकिंगची बुद्धी त्याच्यात उतरलेली बघून एकीकडे बरं वाटलं.

राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन 2016 साली दक्षिण कोरियातून मुंबईत आले. मूळचे ते दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. एवढ्या लांबून माणसं पाहुणे म्हणून आली असती तर त्यांना आणायला विमानतळावर मलाच जावं लागलं असतं. इथे सगळा भार महापालिकेवर आणि मला पडली नुसती तिकिटं. खर्च वर्ग कसा करावा याचं याहून स्वच्छ उदाहरण मला नोकरीतसुद्धा सापडलं नाही. शिवाय पेंग्विनांचं दालन थंडगार. बाहेर मे महिना पेटलेला आणि आत काचेसमोर घामाचा टिपूस नाही. माझ्या वयाचे बरेच गृहस्थ तिथे पेंग्विनांचा अत्यंत बारकाईने अभ्यास करत उभे होते. सुरक्षारक्षक “पुढे चला, पुढे चला” म्हणत होता. नातू मात्र पाचच मिनिटांत कंटाळला. “आबा, ते नुसते उभे आहेत.” मी म्हटलं, “मीही नुसता उभा आहे, मला कोणी काही बोललं का?” त्याला सगळ्यात जास्त आवडलं ते बाहेर एका कावळ्याने कोणाच्या तरी हातातला वडा पळवला ते. वडा माझ्या हातातला होता.

मग ऊन इतकं वाढलं, की आम्ही घरातल्या खेळांवर आलो. पत्त्यांचा कॅट हा जगातला सर्वात काटकसरी शोध आहे. बदाम सात, झब्बू, गुलामचोर, पाच-तीन-दोन, मेंढीकोट अशा नुसत्या नावांवर आठवडा निघतो. आमच्या कॅटमध्ये चौकटची राणी नाही. तिच्या जागी जोकरवर पेनने ‘राणी’ लिहिलेलं आहे, त्यामुळे ती कोणाकडे आहे हे सगळ्यांना पाठीमागूनही ओळखता येतं. शाई फुटून पलीकडे आली आहे. झब्बूत सौ.ने मला जे पत्ते दिले त्यावरून संसारातल्या काही जुन्या नोंदी अजून मिटलेल्या नाहीत असं दिसलं.

पत्त्यांचा कंटाळा आला तेव्हा माळ्यावरून व्यापाराचा डाव काढला. इथे माझा हक्काचा प्रांत होता. मी बँकर होणार हे मी गृहीत धरलं. नातवाने बँक आधीच मांडीखाली घेतली होती. म्हणाला, “तुम्ही रिटायर झालात ना?” नियमाला धरून होतं, मी गप्प बसलो. आजीला त्याने मागेल तेवढं कर्ज दिलं, तारण काही नाही, व्याज नाही, कारण दुपारी शिरा होणार होता. बहिणीला मुंबई घ्यायला पैसे दिले, कारण तिने त्याचं एक गुपित फोडायचं थांबवलं होतं. मी पैशाला गेलो तेव्हा साहेबांनी मान वर करून विचारलं, “आबा, तुमच्याकडे तारण काय आहे?” हा प्रश्न मी टेबलाच्या त्या बाजूने हजारो लोकांना विचारला असेल. या बाजूला बसून तो कसा ऐकू येतो, हे निवृत्तीनंतर कळलं. शेवटी मी टीव्हीचा रिमोट तारण ठेवला. संध्याकाळपर्यंत माझं दिवाळं निघालं, रिमोट जप्त झाला आणि आयपीएल संपेपर्यंत मी एकही बातमी पाहिली नाही. देशाचं काय चाललंय ते मला भाजीवाला सांगायचा.

वाचनाचा प्रयोगही झाला. बालभारतीने ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. ‘फुकट’ आणि ‘वाचन’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सापडल्यामुळे मी भारावून गेलो आणि माझा मोबाइल नातवाच्या हातात दिला. पहिली गोष्ट त्याने वाचली. दुसरीच्या मध्यावर आतून इंग्रजीत हसण्याचे आवाज यायला लागले. जाऊन बघितलं तर एक अमेरिकन मुलगा आंघोळीचा टब जेलीने भरत होता. महिन्याचा डेटा त्या टबात गेला. रिचार्ज माझं. पण हेही सांगायला हवं, की नातीने त्याच मोबाइलवर रात्री उशिरापर्यंत जागून तीन जुने दिवाळी अंक संपवले, आणि सकाळी मला विचारलं, “आबा, तुमच्या वेळी गोष्टींमध्ये मुलं एवढी एकटी फिरायची? कोणी विचारायचं नाही?” मी म्हटलं, “विचारायचे. जेवायला आला नाही तर.”

शेवटचा आठवडा गावी. वाईजवळ माझ्या चुलतभावाचं घर आहे. मुलगा सोडायला येणार होता, माझी मोठी बहीणही निघाली. एसटीचं तिकीट काढताना कंडक्टरने आमच्याकडे बघून जो हिशेब केला त्याला तोड नाही. मी पासष्टी ओलांडलेला, म्हणून अर्धा. सौ. आणि नात यांना मार्च 2023 पासून सगळ्याच महिलांना मिळणारी निम्मी सवलत, म्हणून अर्ध्या. नातू वयाने अर्धा. बहीण पंचाहत्तर पार, तिला 2022 पासून तिकीटच नाही. म्हणजे एसटीच्या लेखी आमच्या घरात एकच पूर्ण माणूस होता, तो माझा मुलगा. सहा जण, तीन तिकिटं. बहिणीला मात्र हे रुचलं नाही. “म्हणजे मी हिशेबातच नाही का?” असं ती सुरूर फाटा येईपर्यंत विचारत होती. सवलतीचा फरक राज्य सरकार महामंडळाला देतं. पाहिलंत? वाचला कुठेच नाही, दुसऱ्या खात्यावर गेला.

गावी वहिनींचं वाळवण चाललं होतं. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा चीक शिजत होता आणि गच्चीवर जुन्या धोतरांवर कुरडया पडत होत्या. वहिनींनी मुलांना काही खेळा असं सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “तुम्हा शहरातल्या पोरांना हे जमायचं नाही, तुम्ही आपले सावलीत बसा.” दुसऱ्या मिनिटाला नात सोऱ्या दाबत होती आणि नातू डोक्याला पंचा बांधून काठी घेऊन कावळ्यांवर पहारा करत होता. राणीच्या बागेतल्या कावळ्याचा सूड त्याने वाईच्या कावळ्यांवर उगवला. ओल्या कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या खाऊन दोघांनी निम्मं वाळवण वाळायच्या आधीच संपवलं, पण वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांचं काम झालं होतं. पत्रकात हेच ‘ग्रामीण जीवनानुभव’ म्हणून छापलं असतं तर चार हजार लागले असते. इथे नुसतं “जमायचं नाही” म्हणावं लागलं. खर्च मात्र याही खात्यावर आहे. धाकटा भाऊ म्हणून चुलतभावाच्या घरी मी आंब्याच्या दोन पेट्या, मुलांना कपडे आणि वहिनींना साडी नेली होती. रिकाम्या हाताने जाणं बँकेत चालतं, भावाकडे नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. रविवारी सूनबाईंनी वही काढली, बेरीज केली आणि कौतुकाने म्हणाल्या, “बाबा, यंदा सुट्टी जवळजवळ फुकटात झाली!” मुलाने मान डोलावली. शेजारच्या मंडळींनाही हे सांगण्यात आलं, आणि आता आमच्या मजल्यावर माझ्याकडे आदर्श म्हणून बोट दाखवलं जातं. समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त गृहस्थ तेव्हापासून मला लिफ्टमध्ये ओळख देत नाहीत.

मी पासबुक भरून आणलं. गोळे, डॉक्टर, रिचार्ज, वडे, दोनदा वडे, आंबे, साडी. एक तारखेला आलेलं पेन्शन दहाव्या दिवशी कुठे गेलं याचा पूर्ण तपशील त्यात आहे. बेरीज केली तर ती रोबोटिक्सच्या शिबिराच्या थोडी वर जाते. रोबोट मिळाला असता तो वेगळाच.

म्हणून माझ्यासारख्या निवृत्त बंधुभगिनींना कळकळीची विनंती आहे. नातवंडांना जरूर सांभाळा, त्यात आनंद आहे, तो मी नाकारत नाही. पण एप्रिल संपायच्या आत स्वतःचा दर ठरवून घ्या आणि मुलाच्या सहीनिशी लेखी घ्या. तोंडी व्यवहारात नेहमी तारण ठेवणाराच बुडतो, हे कर्ज विभागात केस पांढरे केलेला माणूस तुम्हाला सांगतो आहे.