सी मधलं सगळं उडणार

"मामा, डेटा घेतलाय ना? सी मधलं सगळं उडणार बघा."

भाच्याने विचारलं आणि मी छातीठोकपणे हो म्हणालो. विंडोज 10 ची नेहमीची डागडुजी 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, तेव्हा नवी विंडोज मारायची ठरवून तो खास औंधला आला होता. डेटा म्हणजे डी ड्राइव्हमधला, अशी माझी समजूत. पण माझा सगळा संसार डेस्कटॉपवर पसरलेला, आणि डेस्कटॉप नांदतो सी मध्येच! 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर 2', 'नवीन फोल्डर खरा'... सगळे पेन ड्राइव्हवर चढवता चढवता चहा दोनदा झाला.

"मग ही सॉफ्टवेअरची फोल्डरंही उचल की," मी म्हणालो. भाचा हसला. प्रोग्रॅमची मुळं म्हणे रजिस्ट्री नावाच्या खातेवहीत पसरलेली असतात. नुसतं फोल्डर नेणं म्हणजे वृंदावनातली तुळस वरून कापून नेणं. नव्या जागी रोप पुन्हा लावावंच लागतं. सेटिंग्ज तर ॲपडेटा नावाच्या फोल्डरात दडलेल्या, आजीच्या डाळीच्या डब्यातल्या नोटांसारख्या. डबा धुवायला टाकला की आठवतात.

या सामान हलवण्यावरून मला आपले वेदाभ्यासक पंडित सातवळेकर आठवले. 1918 साली ते औंधला आले, इथे वेदांचे ग्रंथ छापले, आणि 1948 साली, ऐंशी उलटल्यावर, आपली अख्खी संस्था, स्वाध्याय मंडळ, घेऊन गुजरातेत पारडीला गेले. त्याच वर्षी औंध संस्थानही विलीन झालं. म्हणजे यंत्र आणि यंत्रणा, दोन्ही एकदमच बदलल्या! त्या वयात त्यांनी तिथे पुन्हा बस्तान मांडलं आणि पुढे वीस वर्षं काम केलं. मला ब्राउझरचे पासवर्ड आठवेनात.

संध्याकाळी नवा पडदा लखलखला. मोठ्या हौसेने मी यमाई देवीच्या यात्रेवरचा माझा जुना लेख उघडला. 'यमाई'च्या जागी दोन इंग्रजी अक्षरं, एक टक्क्याचं चिन्ह आणि एक कंस. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टात टाइप केलेला तो मजकूर. फाइल सुखरूप आली होती, लिपी मात्र सी बरोबर उडाली.

त्या फॉन्टची सीडी शेवटी देव्हाऱ्याखालच्या खणात सापडली. माझ्या संगणकाचं सीडीचं तोंड तीन वर्षांपासून उघडत नाही.