ज्याच्या दारी पाटी, त्याच्या हाती फावडं

ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यात स्टुटगार्टला भरपूर बर्फ पडावा, अशी इच्छा आमच्या अक्काने सांगलीहून निघतानाच देवासमोर मांडली होती. देवाने ती ऐकली. फक्त नेमकी चिरंजीवांच्या केअरवोखेत ऐकली.

केअरवोखे म्हणजे इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवड्याआठवड्याने घ्यायची झाडलोटीची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. १४९२ साली कोलंबस समुद्रात वाट शोधत होता, तेव्हा इथला काउंट एबरहार्ट 'दर आठवड्याला आपापला उकिरडा बाहेर काढा' असं फर्मान काढत होता. कोलंबसाच्या कर्तृत्वावर पुढे पुष्कळ वाद झाले. झाडण्याबद्दल मात्र इथल्या श्वाबियन माणसाच्या मनात आजतागायत शंका आलेली नाही. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून कागदोपत्री भगिनी-शहरं आहेत. ज्याने कोणी ही सोयरीक जुळवली, त्याने पुणं पाहिलेलं नसावं.

हिवाळ्यात या पाळीत बर्फही येतो. सातच्या आत फुटपाथ मोकळा हवा. कोणी घसरून पडलं तर नुकसानभरपाईचं लचांड गळ्यात. त्यामुळे मिट्ट काळोखात आमचं अख्खं कुटुंब कानटोप्या घालून खाली उभं. यश चोप्रांनी इतकी वर्षं स्वित्झर्लंड दाखवलं, पण शिफॉनच्या साडीतल्या नायिकेने गाणं सुरू होण्याआधी फुटपाथ साफ केला, असं एकदाही दाखवलं नाही. चिरंजीव फावडं मारत होते, मी 'कंबर जपून' असं मार्गदर्शन करत होतो, आणि नातीने आपला बर्फाचा बाहुला बरोबर साफ केलेल्या जागेवर उभा केला.

तेवढ्यात अक्का घरातून मिठाची पिशवी घेऊन आली. मीठ टाकलं की बर्फ वितळतो, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. पहिली मूठ भरते न भरते तोच तळमजल्यावरची खिडकी उघडली आणि एका आजीबाईंनी जर्मनमध्ये जे काही सुनावलं ते आम्हा सगळ्यांना भाषा न येता समजलं. झाडांच्या मुळांना बाधतं म्हणून इथे फुटपाथवर मीठ टाकायला सहसा मनाई. बारीक खडी टाकायची.

"का? झाडांचं बीपी वाढतं?" अक्काने विचारलं. चिरंजीवांनी भाषांतर केलं नाही.

दुपारी ख्रिसमसचा बाजार बघायला निघालो. मुलाचं घर वर डेगरलोखला, शहर खाली कढईच्या तळाशी. मधे 'त्साके' नावाची दातेरी रुळांवरची पिवळी गाडी १८८४पासून चढ-उतार करते आहे. वर शुभ्र बर्फ. दोनशे मीटर खाली उतरलो तर नुसता पाऊस आणि चिखल! इतका वेळ खिडकीला नाक लावून बसलेली अक्का म्हणाली, "म्हणजे या लोकांना काहीच काढावं लागत नाही?" तिच्या आवाजातला मत्सर निर्भेळ होता.

बाजार मात्र बघण्यासारखा. १६९२मध्ये त्याचा लेखी उल्लेख सापडतो. इथली खरी गंमत दुकानांच्या छपरांवर असते: देवदूत, हरणं, सूचिपर्णी फांद्यांचे ढीग, येशूजन्माचे देखावे. सगळे मान वर करून चालतात आणि एकमेकांवर आदळून 'एन्टशुल्डिगुंग', म्हणजे 'माफ करा', म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींनी दिवसभरात हा एकच शब्द आत्मसात केला आणि पुढे तो धक्का मारण्याच्या आधी वापरू लागल्या.

भूक लागल्यावर सूनबाईने माउलटाशन पुढे केले: पिठाच्या पारीत भरलेलं सारण. दंतकथा अशी की माउलब्रोनच्या मठातल्या साधूंनी उपासाच्या दिवसांत मांस असं पारीत दडवलं, देवाला दिसू नये म्हणून. आमच्यासाठी पालकाचे होते. तरीही अक्का खवळली.

"देवाशी लबाडी! आमचा साबुदाणा निदान उघड्या ताटात असतो."

मग ग्लूवाइन आली. सूनबाईने अक्कासाठी मुलांचं बिनदारूचं पंच मागवलं होतं. अक्काने चिरंजीवांच्या कपावर नाक धरलं. "दालचिनी. लवंग. संत्र्याची साल. अरे, हा तर काढा!"

"आत्या, वाइन आहे त्यात."

"असेना. आसवं-अरिष्टं काय पाण्यात करतात?" असं म्हणून तिने कप ओढून घेतला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

"आणि ते साधू..." चिरंजीवांनी सुरुवात केली.

"तू गप रे. या कपाचं डिपॉझिट भरलंयस ना? मग नवा कप घेऊ नकोस. यातच दुसरा घाला म्हणावं."