वाढत्या मापाचे बूट

लेस्टर, इंग्लंड

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. लाडू त्याच दिवशी संपले. बूट मात्र चिरंजीवांच्या पायाला येईपर्यंत त्यांना मिसरूड फुटेल. टोकात कोंबलेला कापूस पाहून हे गहिवरले. बडोद्यातलं अख्खं अकोटा यांनी असल्याच बुटांतून पालथं घातलं म्हणे. चालताना अजून तसाच फटक-फटक आवाज येतो.

इथे दुकानात आधी दोन्ही पायांची लांबी-रुंदी मोजतात. एक पाय जरासा मोठा निघतोच. बूट घ्यायचा तो त्याच्या मापाचा. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर जागा ठेवायची. आणि हे नंबर आले कुठून, तर जवाच्या दाण्यावरून! दर नंबराला एक दाणा, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. बाबा, साहेबाला धान्यातलं काही कळत नाही, असं यापुढे म्हणू नका.

आई, सैल बुटात पाय पुढे घसरतो आणि बोटं आखडून चालावं लागतं. घट्ट बूट तर त्याहून वाईट. या वयात पायाची हाडं पुरती हाडं झालेलीच नसतात, बरीचशी कूर्चाच असते.

पण "घरात अनवाणी हिंडू दे त्याला" हे तुमचं म्हणणं मात्र सोळा आणे खरं. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी भारतातल्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष छापले. पादत्राणं वापरणाऱ्यांत ८.६ टक्के मुलांचे तळवे सपाट, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूटवाल्यांत सर्वांत जास्त! हा कागद मी यांच्या हाती दिला. "आई हे फुकट सांगत होती," एवढंच बोलले.

बाबांनी व्हिडिओ कॉलवर "पावलाला खोलगटपणाच नाही" म्हणून घोर लावून घेतला, तो सोडावा. लहान मुलांचे तळवे सपाटच असतात, कमान हळूहळू येते. दुखलं किंवा लंगडला, तर डॉक्टर आहेतच.

नाताळात बडोद्याला येतोय. कमाटीबागेच्या हिरवळीवर त्याला मनसोक्त अनवाणी पळवा. विश्वामित्रीच्या काठी मात्र नको. तिथल्या मगरी पायाचं माप घेत बसत नाहीत.

तुमची,
सूनबाई

ता. क. पुढच्या पार्सलात बूट नसतील, तेव्हा बरीच जागा उरेल. लीलो चेवडो नंबर न बघता पाठवावा. तो वाढत्या मापाचा चालतो.