फलक महोदय, आपल्या सेवेशी

प्रति,
श्री. सूचना फलक,
हुद्दा : 'धोका! पुढे जाऊ नये',
मुक्काम : धबधबे, धरणे, खाणी आणि समुद्रकिनारे.

सा. न. वि. वि.

मी बंगळूरजवळच्या आनेकल तालुक्यात राहणारा एक मराठी भाडेकरू. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, शनिवार-रविवार मोकळा, म्हणजे आपल्या कार्यक्षेत्रातलाच इसम. सार्वजनिक सुरक्षेचा अख्खा भार आपण एकटे वाहता, याबद्दल आभार मानावेत म्हणून हे पत्र. आपल्याला पगार नाही, रजा नाही, वेतन आयोग नाही. निवृत्तीही नाही, गंजणं तेवढं आहे.

आमच्या तालुक्यात आपल्याला काम भरपूर. मुत्याल मडुवूचा धबधबा आहे. ग्रॅनाइट काढून झाल्यावर तशाच सोडलेल्या खाणी आहेत. पावसाचं पाणी साचलं की खाण वरून तळ्यासारखी दिसते. पण तळ्याला उतार असतो, खाणीला कडा. पहिल्या पावलाला पाणी गुडघ्याएवढं, दुसऱ्याला तळच नाही. हे उतरणाऱ्या पोराला कसं कळावं? आपल्याकडून. म्हणजे आपण तिथे असलात तर, आणि पोराला वाचता आलं तर. दगड नेणाऱ्याने जाताना कुंपण घालून जावं, ही अपेक्षा मी करत नाही. त्याला दगड हवा होता, तो त्याने नेला.

आपली सर्वांत मोठी कामगिरी मात्र मावळातली. 15 जून 2025, रविवार. कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल धोकादायक आहे, हे आपण लिहून ठेवलेलं होतं. नव्या पुलासाठी पैसेही मंजूर होते. दुपारी पुलावर माणसांची गर्दी झाली, त्यात दुचाक्याही शिरल्या. पूल कोसळला आणि चार जण गेले. लगेच आपलं नाव निघालं : 'फलक लावलेला होता ना!' पुलाच्या दोन्ही तोंडांना दोन आडव्या लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून टाकल्या असत्या तर कुणी पुलावर गेलंच नसतं. पण मग आपल्याला कोणी विचारलं असतं?

त्याच्या आदल्या वर्षी, 30 जून 2024 ला, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब अडकलं. पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. धरण रेल्वेचं, मागचं रान वनखात्याचं, गर्दी पोलिसांची. पाणी तेवढं कुणाचंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि जमावबंदीचं जुनं कलम 144 जाऊन 163 आलं. त्यामुळे नंतर निघालेले बंदी आदेश नव्याकोऱ्या कलमाखाली निघाले, हे त्यातल्या त्यात समाधान.

आता आमच्याही चार गोष्टी. आपल्या खांबाला बॅगा अडकवून, आपल्याला खेटून फोटो काढून, मग पुढे जाणारे आम्हीच. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं तर ठाम मत आहे की फलक जिथे असतो तिथूनच खरा देखावा सुरू होतो. मुरुडला 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याच्या एका कॉलेजचे चौदा विद्यार्थी बुडाले, तेव्हा ओहोटीचं पाणी माणसाला कसं ओढून नेतं यावर हेच काका तासभर बोलले होते. पुढच्या सुट्टीत अलिबागला कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. काकांना माफी नाही. पण प्रशासनाला काकांचा केवढा आधार! एक काका सापडला की बाकीच्या सगळ्यांचं मरण त्याच्या खात्यावर मांडून वही मिटता येते.

पंचाईत होते ती आमच्या बनेरघट्ट्यात. 15 ऑगस्ट 2025 ला तिथल्या सफारीत बिबट्याने गाडीच्या खिडकीतून पंजा मारला आणि एक शाळकरी मुलगा जखमी झाला. मुलगा तिकीट काढून, दिलेल्या गाडीत, दिलेल्या जागेवर बसलेला. इथे वैयक्तिक जबाबदारी कोणाची काढायची? बिबट्याची काढावी, तर त्याला आपण वाचता येत नाही. शेवटी खिडक्यांना जाळ्या लावण्याचे आदेश निघाले. आपल्याऐवजी जाळी! हा अपमान आपण गिळलात, याचं मला कौतुक वाटतं.

असाच अपमान उत्तर कन्नडमध्ये. होन्नावरजवळच्या कासरकोडच्या किनाऱ्याला 2020 मध्ये 'ब्लू फ्लॅग' मिळाला. हा डेन्मार्कच्या संस्थेचा मान. त्याच्या अटींत जीवरक्षक आणि प्रथमोपचार येतात, म्हणून ते ठेवावे लागले. त्याच जिल्ह्यात मुरुडेश्वरला 10 डिसेंबर 2024 रोजी कोलार जिल्ह्यातल्या मुळबागलकडच्या निवासी शाळेच्या चार मुली बुडाल्या. सोबतच्या शिक्षकांना अटक झाली, कुटुंबांना पाच-पाच लाख जाहीर झाले, किनारा काही दिवस बंद राहिला. शिक्षकांना जाब विचारायलाच हवा. फक्त एवढंच मनात येतं, की परदेशी परीक्षक येणार म्हटल्यावर जी व्यवस्था सुचते, ती मुळबागलच्या पोरी येणार म्हटल्यावर का सुचत नसावी?

गोव्याबद्दल तर आपल्याशी बोलू नये. तिथे 2008 पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधे पोहा, नुसता लाल असेल तर उतरू नका, एवढा साधा हिशेब. शिट्टी वाजवूनही न ऐकणारे, पिऊन उतरणारे, सगळे तिथे येतात. ते जीवरक्षक आधी बेजबाबदारपणावर व्याख्यान देऊन मग पाण्यात उडी मारत नाहीत. आधी बाहेर काढतात. शिव्या नंतर, वाळूवर.

तरी आपण खचू नये. माणूस ठेवला की दर महिन्याला पगार, आपल्याला वर्षाआड रंगाचा एक हात. हिशेब आपल्याच बाजूने आहे.

आपला,
आनेकल तालुक्यातला एक भाडेकरू

ता. क. : पुढच्या लाँग वीकेंडला आमची सोसायटी बस करून मुरुडेश्वरला निघाली आहे. काका पुढच्या सीटवर आहेत. तिथे जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतात, तेवढं आपल्या तिथल्या भाऊबंदांना विचारून कळवावं. इतर सगळं ते लिहितात.